वाचकांचे प्रश्न : फुलवालीचा आवाज

मागच्या अंकात 'माय फेअर लेडी' या 1964 सालच्या सिनेमावर लिहिलं होतं आणि बघितला असेल तर मत कळवा, असं सुचवलं होतं. इतकी टोकाची मतं येतील असं वाटलं नव्हतं. कुणी तो वीस वेळा बघितलाय, कुणी अर्ध्यातून उठलंय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात फुलं विकणारी एलायझा डूलिटल (ऑड्री हेपबर्न). तिची बोली सहा महिन्यांत बदलून तिला बड्या लोकांच्या नृत्यसमारंभात उमरावाघरची म्हणून खपवून दाखवीन, अशी पैज मारणारा उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स (रेक्स हॅरिसन). मूळ नाटक बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. पुलंची 'ती फुलराणी' त्याच नाटकावरची, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही.

प्रश्न : ताई, ऑड्री हेपबर्नचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, पण ती यात गायलेलीच नाही. रंगभूमीवर ज्युली अँड्र्यूज रोज स्वतः गात होती. तिला डावलून हिला घेतलं, ते मला आजही पटत नाही. (नाशिक)

ज्युली अँड्र्यूजवर अन्याय झाला, यात वादच नाही. 1956 साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, ही संगीतिका आली तेव्हा एलायझा उभी केली ती तिनं. पण सिनेमाचा निर्माता जॅक वॉर्नर यानं हक्कांसाठीच 55 लाख डॉलर मोजले होते आणि एवढ्या पैशाच्या सिनेमात त्याला पडद्यावर कधीच न दिसलेली नायिका नको होती. 1964 सालीच ज्युली 'मेरी पॉपिन्स'मध्ये आली आणि ऑस्कर घेऊन गेली. 'माय फेअर लेडी'ला आठ ऑस्कर मिळाली, पण हेपबर्नला साधं नामांकनही नाही. म्हणजे त्या वेळच्या मंडळींचं मत तुमच्यासारखंच होतं.

तरीही मी ऑड्रीच्या बाजूनं बोलणार. तिनं गाण्याची शिकवणी लावली, तासन् तास रियाज केला, गाणी ध्वनिमुद्रित केली. आपला आवाज वापरतील अशी तिची समजूत होती. बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात जाणार हे कळलं तेव्हा ती सेटवरून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांची माफी मागितली, असं सांगतात. तिनं गायलेल्या काही मूळ फिती पुढे डीव्हीडीवर आल्या. मी त्या हेडफोन लावून ऐकल्यात. आवाज बारीक आहे, वरच्या पट्टीत चढताना ओढाताण होते. पण बाजाराच्या थंडीत कुडकुडणारी आणि एका उबदार खोलीची स्वप्नं बघणारी पोर त्यात जशी ऐकू येते, तशी निक्सनच्या निर्दोष गाण्यात येत नाही. 'जस्ट यू वेट' या रागाच्या गाण्याची सुरुवात सिनेमात ऑड्रीचीच आहे, मग मध्येच आवाज बदलतो. आयुष्यभर आवाजांत काम केलेल्या माझ्यासारखीला तो सांधा दर वेळी टोचतो.

राहिलं उसनं गाणं. आपण तर उसन्या गळ्यावरच वाढलो, त्यात कमीपणा कधी मानला नाही. पण 1949 साली 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' आलं तेव्हा रेकॉर्डवर गायिका म्हणून पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. गाणारी कोण, असं विचारणारी श्रोत्यांची पत्रं रेडिओकडे गेली आणि लताबाईंचं नाव लोकांना कळलं. मार्नी निक्सन त्याआधी डेबोरा कर आणि नॅटली वूड या नट्यांसाठीही गायली होती, तरी 'माय फेअर लेडी'च्या श्रेयनामावलीत ती नाही. माझी तक्रार आहे ती या लपवण्याबद्दल.

प्रश्न : रेक्स हॅरिसन गातो की नुसता बोलतो? आमच्या घरी यावरून वाद आहे. (डोंबिवली)

दोन्ही. आपले कीर्तनकार आख्यान लावताना चालीवरून बोलण्यावर आणि बोलण्यावरून पुन्हा चालीवर येतात ना, तसं. रंगभूमीवरही तो असाच करायचा. सिनेमात आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला त्यानं साफ नकार दिला. त्याचं म्हणणं, मी एकच ओळ दोनदा सारखी म्हणत नाही, मग ओठ जुळवू कसे? म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि त्याची गाणी सेटवरच प्रत्यक्ष घेतली. त्या काळी हे सोपं काम नव्हतं. ध्वनीचं ऑस्करही या सिनेमाला मिळालं. पुढच्या वेळी त्याच्या टायच्या गाठीकडे लक्ष ठेवा, ती जरा जाड वाटेल.

प्रश्न : घोड्यांच्या शर्यतीत सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत का? आणि तीन तास खूप होतात हो. (बेळगाव)

कपडे सेसिल बीटनचे. 1910 साली राजा सातवा एडवर्ड वारला तेव्हा अॅस्कॉटच्या शर्यतीला सगळे काळ्या पोशाखात आले होते, त्याची ती आठवण. त्या पुतळ्यांसारख्या माणसांत एलायझा आपल्या घोड्याला बाजारातली शिवी हासडते आणि तेवढ्यानंच त्या पडद्यावर जीव येतो. लांबीचं म्हणाल तर सिनेमा पावणेतीन तासांच्या जरा वर आहे. एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं रस्त्यावरचं गाणं मीही पुढे ढकलते.

प्रश्न : एवढी शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी मुलगी शेवटी त्याच उद्धट माणसाकडे परत येते आणि तो तिला सपाता कुठे आहेत विचारतो! मला टीव्ही बंद करावासा वाटला. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींचं हेच मत आहे. (पुणे, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

याच डाकेत दादरहून एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आहे. ते लिहितात, 'तो शेवट बघताना चाळीस वर्षं माझे डोळे भरून येतात. हिगिन्सला माफी मागता येत नाही, तेच त्याचं माफी मागणं.' दोघांना एकत्रच उत्तर देते.

हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते खुद्द शॉनंच सुरू केलं. त्यानं एलायझाला हिगिन्सच्या घरातून बाहेर काढलं होतं. पण 1914 साली लंडनच्या प्रयोगात हिगिन्स करणारे बीअरबोम ट्री पडदा पडायच्या आधी एलायझाकडे फुलं फेकायचे, म्हणजे प्रेक्षकांना जे हवं ते मिळायचं. शॉ भयंकर चिडला. 1916 साली नाटकाच्या पुस्तकाला त्यानं एक लांबलचक पुरवणीच जोडली : एलायझा फ्रेडीशी लग्न करते, दोघं फुलांचं दुकान काढतात, हिगिन्सशी लग्नाचा प्रश्नच नाही. उपयोग काय? 1938 साली याच नाटकावर सिनेमा आला, त्याच्या पटकथेचं ऑस्कर शॉला मिळालं आणि शेवटी सपाता आल्याच! शॉ 1950 साली गेला. तो जिवंत असेपर्यंत त्यानं या नाटकाची संगीतिका होऊ दिली नाही, ती नंतर आली. अलीकडे, 2018 साली, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या प्रयोगात एलायझा शेवटी मंचावरून उतरून प्रेक्षकांमधून चालत निघून जाते. तुमच्या वर्गातल्या मुलींना हा शेवट आवडला असता.

आता माझं मत. सपातांवर सगळे इतके अडकतात की त्याच्या आधीचा अर्धा मिनिट कुणी ऐकतच नाही. हिगिन्स एकटा घरी येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्र लावतो. एलायझा पहिल्यांदा शिकवणी मागायला आली तेव्हाचा तिचा आवाज त्यात आहे, तीच बाजारातली बोली, मी हाततोंड धुऊन आलेय हो, असं सांगणारी. ती मागून दारात येते. पुढे होते, यंत्र बंद करते आणि तेच वाक्य त्याच जुन्या बोलीत स्वतःच्या तोंडानं पुरं करते.

थांबून हे एकदा ऐका. सहा महिने त्या माणसानं तिचा आवाज यंत्रावर घेतला, मोजला, सुधारला. ती ते यंत्रच बंद करते आणि दाखवते की जुनी बोलीही माझी, नवीही माझी, कुठली कधी वापरायची ते मी ठरवणार. त्यानंतर तो सपाता विचारतो. ती आणून देत नाही. सिनेमा तिथंच संपतो. दादरच्या काकांना यात प्रेम दिसतं, ते चुकीचं नाही. मला दिसतं ते तिचं ते यंत्र बंद करणं.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात नोकरी करतो. मी 'पानी' म्हणतो म्हणून ऑफिसात हसतात. हा सिनेमा मित्रांनी कौतुकानं दाखवला, पण मला नुसता राग आला. बोली बदलली म्हणजे माणूस मोठा झाला का? (पुणे)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

मी माण तालुक्यातली. सातारला आठवीत आले तेव्हा पानी, लोनी, कोन अशीच बोलायचे. एकदा मोठ्यानं धडा वाचताना वर्ग हसला आणि शिक्षकांनी मला फळ्यापाशी उभं करून 'पाणी' दहा वेळा म्हणायला लावलं. दहाव्यांदा बरोबर आलं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

पुढे कॉलेजात असताना पुण्यात सकाळच्या खेळाला हा सिनेमा बघितला. त्यात एक प्रसंग आहे. एलायझाच्या बोलीत 'ह' नाही, ती हार्टफर्डला आर्टफर्ड म्हणते. हिगिन्स तिला एका ज्योतीसमोर बसवतो : 'ह' नीट आला तर श्वासानं ज्योत हलणार. ती म्हणत राहते, म्हणत राहते. तो आपल्या मित्राशी, कर्नल पिकरिंगशी, गप्पांत रंगलेला. अखेर तिच्या हातातला कागद पेट घेतो. थिएटर खदखदून हसलं. मला फळा आठवला आणि मी रडले. तेव्हा तुमचा राग मला कळतो, तो खरा आहे.

पण त्याच सिनेमात अजून एक जागा आहे. नृत्यसमारंभानंतर हिगिन्सचं घर सोडून एलायझा पहाटे कॉव्हेंट गार्डनमध्ये येते. तिच्याच ओळखीची माणसं शेकोटीपाशी उभी आहेत. तिचे कपडे, तिची चाल बघून ते बाजूला होतात आणि एखाद्या बाईसाहेबांशी बोलावं तसं अदबीनं बोलतात. कुणी ओळखत नाही. शॉच्या नाटकात ती पिकरिंगला सांगते की मी माझी भाषा विसरले, आता मला फक्त तुमचीच येते. सिनेमा तुम्ही म्हणता तेवढा आंधळा नाही. काय गेलं, ते त्याला माहीत आहे.

मी पुढे तीस वर्षं नाटकाच्या आणि निवेदनाच्या मुलांना उच्चार शिकवले. पहिल्या दिवशी कुणालाच 'ण' म्हणायला लावला नाही. तुझ्या घरच्या बोलीत दहा मिनिटं बोल, काहीही, असं सांगायचे आणि ते टेप करायचे. कोर्स संपताना ती कॅसेट त्यांच्या हातात द्यायचे. एका मुलाच्या कॅसेटवर त्याच्या आजीची शेळी हरवल्याची गोष्ट होती. तो आता मोठा नट आहे आणि गावाकडची भूमिका आली की आधी ती कॅसेट ऐकतो.

तुम्हाला 'ण' शिकायचाच असेल तर लाज काढून टाका, ती फक्त जिभेची कसरत आहे. 'ट' म्हणा आणि थांबा. जिभेचं टोक वर टाळूला वळून टेकलंय ना? ते तिथून न हलवता आवाज नाकातून सोडा. तोच 'ण'. 'न'ला जीभ दातांमागे असते, एवढाच फरक. रोज पाच मिनिटं 'टण, डण, ढण' म्हणा, महिन्यात बसेल. हवं तेव्हा ऑफिसात वापरा. आईचा फोन आला की 'पानी'च म्हणा. मी माझ्या आईशी शेवटपर्यंत तेच म्हणत होते.