कमी बजेटच्या कॉम्प्युटरला हार्डवेअर रेड घ्यावं की सॉफ्टवेअर?

दोन सारख्या हार्ड डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकत्र जोडून एकाच डिस्कसारख्या, वापरायच्यात, खर्च बेताचा ठेवायचाय. मग बायोसमधलं (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधलं) रेड चालू करावं, वापरलेलं रेड कार्ड घ्यावं की ऑपरेटिंग सिस्टिमचंच रेड वापरावं, असं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअर रेड, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचंच, घ्या, लेव्हल १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा).

बायोसमधल्या पर्यायाला बरेच जण हार्डवेअर रेड समजतात. घरगुती मदरबोर्डवर ते सहसा तसं नसतं. विंडोज किंवा लिनक्स सुरू झालं की सगळं काम ड्रायव्हर आणि तुमचा प्रोसेसरच करतो. म्हणजे वेग वाढत नाही, उलट डिस्क त्या चिपसेटला बांधल्या जातात. एकच ॲरे (रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच) विंडोज आणि लिनक्स दोन्हींतून हवा असेल, तरच त्याचा विचार करा.

खऱ्या कार्डावर स्वतःचा प्रोसेसर, कॅशे (तात्पुरती वेगवान मेमरी) आणि बऱ्याचदा वीज गेली तर कॅशेतला डेटा सांभाळणारी बॅटरी असते. वापरलेल्या कार्डाची नेमकी ही बॅटरी बऱ्याचदा संपलेली असते. मग अनेक कार्डं राइट कॅशे बंद करतात आणि लिहिण्याचा वेग पडतो.

मी असंच एक कार्ड घेऊन तीन डिस्कवर रेड ५ (डेटा आणि तो परत मिळवायची हिशेबाची माहिती, म्हणजे पॅरिटी, सगळ्या डिस्कवर विभागणारी पद्धत) केलं होतं. एक दिवस कार्डच गेलं. डिस्क तिन्ही ठणठणीत, पण त्यांवरची मांडणी दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला वाचता येईना. त्याच जातीचं कार्ड मिळेपर्यंत माझा डेटा समोर असून हाती नव्हता. तेव्हापासून मी पहिल्यांदा एकच बघतो: मशीन मेलं, तर या डिस्क दुसरीकडे लावून वाचता येतील का?

लिनक्सच्या एमडीॲडम या सॉफ्टवेअर रेडच्या प्रोग्रॅममध्ये येतात. ॲरेची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडल्या की ॲरे उभा राहतो. विंडोजवर स्टोरेज स्पेसेस या त्याच्याच सोयीत मिरर (रेड १ सारखी दुहेरी प्रत) करा. त्यावरून विंडोज बूट होत नाही, म्हणून सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर ठेवा. प्रोसेसरची काळजी नको. रेड १ मध्ये पॅरिटीचं गणितच नसतं, तोच डेटा दोनदा लिहायचा एवढंच.

कार्डाचे वाचलेले पैसे बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कवर घाला. चुकून फाइल डिलीट केलीत तर मिररवरूनही ती त्याच क्षणी जाते.

आणि खरा डेटा भरण्याआधी मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा, पुन्हा चालू करा. इशारा मिळतो का, डिस्क परत जोडल्यावर रीबिल्ड (त्या डिस्कवरची प्रत पुन्हा पूर्ण करणं) कसं करायचं, हे तेव्हाच करून बघा.