काठमांडूला जरूर जा, पण आत्ता आणि असं नको

(कोल्हापूरहून मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. लैंगिक शोषणातून सुटका झालेल्या मुलींसाठी काम करावं, असं तिच्या मनात आहे. एका एजन्सीने तिला काठमांडूतला चार आठवड्यांचा स्वयंसेवक कार्यक्रम देऊ केला आहे. फी दीड लाख, प्रवासखर्च वेगळा, शेवटी प्रमाणपत्र. आई तयार आहे, बाबांचा ठाम नकार आहे. जावं का, आणि पुढे परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना याचा उपयोग होईल का, असं तिने विचारलं आहे.)

प्रिय मुली,

या कार्यक्रमाला जाऊ नकोस. या क्षेत्रात मात्र जरूर ये. पत्रातली तुझी तळमळ खरी आहे आणि अशी माणसं इथे कमीच पडतात, म्हणून कारणं सविस्तर सांगते.

माहितीपत्रकात 'पहिल्या आठवड्यापासून मुलींशी वैयक्तिक संवाद' असं आहे, हे तू आनंदाने लिहिलं आहेस. मला नेमकं तेच खटकलं. निवारागृहात पोचेपर्यंत त्या मुलीने आपली हकीकत पोलिसांना, डॉक्टरांना, समुपदेशकाला सांगून झालेली असते. खटला उभा राहिला तर न्यायालयात पुन्हा सांगायची असते. शिवाय तिला फसवणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. आधी गोड बोलून त्याने तिचा विश्वास मिळवलेला असतो. आता तू जाणार, जीव लावणार आणि महिन्याने निघून येणार. तुझ्या जागी पुढची तुकडी येणार आणि ती मुलगी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देणार. तुझा हेतू कितीही चांगला असला तरी भोगायचं तिलाच आहे. म्हणूनच जबाबदार संस्था नवख्या माणसाला मुलींजवळ लगेच जाऊ देत नाही. पैसे भरले की दार उघडतं, तिथे मुलींची काळजी कितपत घेतली जाते याचा अंदाज तूच कर.

नेपाळमध्ये हा प्रश्न जास्त बिकट आहे. तिथली बरीचशी बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागात एकवटली आहेत, आणि आईवडील हयात असलेली मुलंही 'अनाथ' म्हणून तिथे ठेवल्याची उदाहरणं उघड झाली आहेत. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहिल्या की मुलांनाही आणत राहावं लागतं. सगळ्याच संस्था अशा आहेत असं मी म्हणत नाही. माइती नेपाळ ही संस्था 1993पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसाठी काम करते आहे. तिच्या संस्थापक अनुराधा कोईराला यांना आपल्या सरकारने 2017 साली पद्मश्री दिली.

नेपाळचा आणि आपला एक जुना संबंध तुला माहीत असायला हवा. फेब्रुवारी 1996मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीत पोलिसांनी मोठे छापे घातले आणि शेकडो मुलींना बाहेर काढलं. त्यात नेपाळी मुली बऱ्याच होत्या. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला कचरत होतं, म्हणून त्या महिनोन्महिने इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेऊन त्यांना परत नेलं. त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' उभा केला. मानवी तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली ही संस्था. 2013मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे वाचून तुझ्या मनातलं चित्र बदलावं, अशी माझी इच्छा आहे. या बायकांना कुणी येऊन डोळे पुसायला नको होते. त्यांना नागरिकत्वाचा दाखला हवा होता, आणि वडील किंवा नवरा पाठीशी नसलेल्या बाईला तो मिळवताना किती हेलपाटे घालावे लागत! कोर्टात बाजू मांडणारं कुणीतरी हवं होतं. गावी परतल्यावर पोटापाण्याचं साधन हवं होतं. आजही या क्षेत्रात काम म्हणजे मुख्यतः हेच: केसवर्क (म्हणजे एकेका मुलीच्या प्रकरणाचा पाठपुरावा), कागदपत्रं, कायदेशीर मदत, रोजगार प्रशिक्षण, आणि वर्षानुवर्षं टिकणारं समुपदेशन. समुपदेशन तर त्या मुलीच्या स्वतःच्या भाषेतच व्हावं लागतं. नेपाळी देवनागरीत लिहितात, तुला फलक वाचता येतील. पण सिंधुपाल्चोक किंवा नुवाकोट अशा डोंगराळ जिल्ह्यातून आलेल्या, तामाङ समाजातल्या आणि तामाङ भाषा बोलणाऱ्या मुलीच्या मनातलं महिनाभरात तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

एजन्सीला एकदा ईमेल करून बघ. माझ्या दीड लाखातले किती पैसे त्या संस्थेपर्यंत पोचतात? माझं पोलीस व्हेरिफिकेशन का मागितलं नाही? माझ्यावर देखरेख कोण करणार, आणि त्या व्यक्तीचं शिक्षण काय? फोटो काढण्याबाबत नियम काय आहेत? माहितीपत्रकावर मुलींचे चेहरे दिसत असतील तर उत्तराची वाट पाहू नकोस. पीडितेची ओळख उघड करणं आपल्याकडे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलीला उद्या गावात राहायचं आहे.

मग करायचं काय? सुरुवात घराजवळून कर. अहिल्यानगरला वेश्यावस्तीतल्या बायका-मुलांसाठी काम करणारी स्नेहालय ही संस्था आहे, 1989पासून. मुंबईत प्रेरणा ही संस्था आहे. कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर त्यांनी 1988 साली सुरू केलं, कारण आई रात्री देहविक्रयाच्या कामावर असताना मुलांना सुरक्षित जागा नव्हती. गरज नीट ओळखली की उपाय किती साधा असू शकतो, ते इथे दिसतं. तुझ्या शेजारी सांगलीत देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर काम करणारी संग्राम ही संस्था आहे. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ बायकांना जबरदस्तीने 'सोडवण्याला' त्यांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणंही ऐक. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तुला या विषयावर मत बनवता येणार नाही. अशा ठिकाणी आधी पत्र लिहून 'तुम्हाला कशाची मदत हवी?' असं विचार. हिशेब, अनुवाद, देणगीदारांचे अहवाल, मुलांचा अभ्यास, जे सांगतील ते कर. सहा महिने तरी दे.

त्यानंतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, हे चांगले पर्याय आहेत. वर्गाबरोबरच क्षेत्रकार्य असतं आणि त्यावर देखरेख असते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते, चिडचिड वाढते, आणि हे कुणापाशी बोलायचं तेही शिकावं लागतं. थेट समुपदेशन करायचं असेल तर मानसशास्त्रात एमए आणि पुढचं प्रशिक्षण घे.

परदेश त्यानंतर. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 18 ते 26 वयोगटातल्या तरुणांनाही घेतो. तो फी मागत नाही, उलट निर्वाह भत्ता देतो. प्रवेशाचं म्हणशील तर, पैसे भरून मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा आपल्याच जिल्ह्यात वर्षभर केलेल्या कामाबद्दल तुला अर्जात कितीतरी जास्त लिहिता येईल, आणि मुलाखतीत कुणी खोलात शिरलं तर उत्तरही देता येईल.

राहिले बाबा. त्यांच्या नकारात सुरक्षिततेची काळजी आहे आणि 'लोक काय म्हणतील, लग्नाच्या वेळी काय सांगायचं' हेही आहे, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. काळजी रास्त आहे, ती ऐकून घे. लोकांच्या भीतीपुढे मात्र हा विषय सोडू नकोस. एखाद्या शनिवारी बाबांना घेऊन अहिल्यानगरला जा, आधी संस्थेची परवानगी घेऊन. तिथल्या कार्यकर्त्यांशी त्यांना बोलू दे.

एजन्सीने आगाऊ रक्कम मागितली असेल तर आज भरू नकोस. त्यांचं उत्तर आलं की मला पाठव, आपण मिळून वाचू.