हप्ता ठरवण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. तू विचारलेले तीन प्रश्न वेगवेगळे आहेत असे समजून मी उत्तर लिहायला बसले, आणि दुसऱ्या पानावर आले तेव्हा लक्षात आले की ते तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. बाणेरच्या नव्या कंपनीची नोकरी घ्यावी का, वाकडच्या फ्लॅटचे बुकिंग पक्के करावे का, आणि मुळशीतल्या शाळेत दर रविवारी गणित शिकवायला जाणे आता जमणार नाही असे त्या मुलांना सांगून टाकावे का, हे तू विचारले आहेस. सोबत वहीचे एक पान जोडले आहेस आणि आयुष्यात तुला मोलाच्या वाटणाऱ्या चार गोष्टी त्यावर लिहिल्या आहेस: आईची सोबत, शिकवणे, सह्याद्रीत हिंडणे आणि ज्याची कधी लाज वाटणार नाही असे काम. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यातला एकही शब्द खोटा नाही, हे तुला लहानपणापासून ओळखत असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते.

पण बँकेच्या कर्जविभागात मी एकतीस वर्षे काढली आणि माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांपैकी स्वतःच्या मूल्यांविरुद्ध वागायचे ठरवून कोणीही अर्ज भरलेला मला आठवत नाही. कोणी मुलांसाठी घर घेत होते, कोणी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी. हेतू चांगलेच होते. अडचण पुढे सात-आठ वर्षांनी सुरू होई, जेव्हा हप्ता चुकू नये म्हणून ती माणसे नेमक्या त्याच मुलांपासून आणि त्याच आईवडिलांपासून दूर राहत असत. म्हणून तुझ्या पानावर काय लिहिले आहे यापेक्षा, त्या पानाला तुझ्या महिन्याच्या हिशेबात जागा कुठे मिळते, याकडे मी आधी पाहते.

तू ५० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेणार आहेस. व्याजदर साडेआठ टक्के धरला तर महिन्याचा हप्ता ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ३५,४०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ८,००० रुपयांनी कमी होते. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता तू साधारण २६ लाख रुपये भरशील, आणि तरीही खात्यावर ४४ लाखांच्या वर बाकी दिसेल. मुदत संपेपर्यंत एकूण १ कोटी ४ लाख रुपये भरून होतील. हे आकडे तुला घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. कर्ज घेऊन घर करणे यात वाईट काहीही नाही, मी स्वतः तसेच केले. मात्र आज तुझ्या हातात ७८,००० रुपये येतात, म्हणजे महिन्यातल्या बावीस कामाच्या दिवसांपैकी बारा दिवस तू केवळ त्या फ्लॅटसाठी काम करशील, आणि उरलेल्या दहा दिवसांत घरभाडे, कराडला आईला पाठवायचे पैसे, जेवणखाण, प्रवास, सारे बसवावे लागेल. ते बसत नाही, म्हणूनच १ लाख १० हजारांची नवी नोकरी तुला आवश्यक वाटू लागली आहे, आणि त्या नोकरीत शनिवार-रविवारी पाळीने काम असल्यामुळे मुळशीची शाळा सुटते आहे. नोकरी, पैसा आणि सुट्टी या तिन्हींचा निर्णय त्या न घेतलेल्या फ्लॅटने तुझ्या वतीने करून टाकला आहे.

आणखी एक गोष्ट कर्जविभागाबाहेरच्या माणसांच्या सहसा ध्यानात येत नाही. गृहकर्जाचा दर बहुधा बदलता असतो. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र वाढत गेली. बऱ्याच जणांना ते खातेउतारा पाहिल्यावरच समजले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की, व्याजदर नव्याने ठरताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. ती संधी आली की हप्ता वाढवणे निवडावे, असे माझे मत आहे; आणि ते निवडता यावे म्हणून मुळात हप्ता इतका लहान ठेवावा की तो वाढला तरी तुझा श्वास कोंडणार नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी बँक वैयक्तिक कर्जदाराला दंड लावू शकत नाही, तेव्हा लहान कर्ज घेऊन ते लवकर फेडणे हा मार्ग तुला नेहमीच मोकळा आहे.

आता मी माझी गोष्ट सांगते, कारण ती न सांगता तुला सल्ला देणे मला अप्रामाणिक वाटेल. १९९३ साली आम्ही कोथरूडला घर घेतले. माझे वडील तेव्हा वाईला एकटे राहत होते आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. महिन्यातले दोन रविवार मी एसटीने वाईला जाऊन त्यांना साठवून ठेवलेले अग्रलेख वाचून दाखवत असे. एखाद्या अग्रलेखावर ते माझ्याशी तासभर वाद घालत, आणि तो तास आम्हा दोघांनाही फार हवासा असे. १९९६ मध्ये मला बढती मिळाली आणि तिच्यासोबत नांदेड जिल्ह्यात बदली. बढती नाकारता येत होती. मी ती घेतली आणि सगळ्यांना सांगितले की करिअरसाठी घेतली. खरे कारण असे होते की घराच्या हप्त्यानंतर हाती उरणाऱ्या पैशांत आमचे भागत नव्हते. तीन वर्षे वडिलांना शेजारचा एक मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवत राहिला. त्यांनी तक्रार केली नाही. मी पुण्याला परतले तेव्हा त्यांना ऐकूही नीट येत नव्हते, आणि अग्रलेखावरचा वाद पुन्हा कधी झाला नाही. बँकेने माझ्यावर कोणताही अन्याय केला नव्हता. आपल्याला किती पुरे आहे, हा आकडा मी आणि माझ्या यजमानांनी कधी कागदावर मांडलाच नव्हता, एवढेच.

या ‘किती पुरे’ वरून आठवले. फर्ग्युसनच्या टेकडीवर तू फिरायला जातेस, त्या फर्ग्युसन कॉलेजच्या संस्थेत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या कडवटपणे लढला गेला. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि संस्थेच्या आजीव सभासदांनी महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे देण्याचे ठरवले. टिळकांचे म्हणणे असे होते की, ज्याने हे व्रत घेतले त्याने बाहेर अर्थार्जन करू नये आणि आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा. आगरकरांनी पोटापुरत्या पैशावर संतोष मानण्याचे आईला आधीच लिहून कळवले होते. तरीही संसार असलेल्या माणसाला पोटापुरते म्हणजे नेमके किती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. वेतनवाढ, बाहेरची कामे, त्यांत जाणारा वेळ आणि जोडीला सामाजिक सुधारणेवरचे मतभेद यांतून अखेर १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले आणि १९१४ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. त्याच काळात त्यांनी विधवांसाठी आश्रम उभा केला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. यांपैकी कोण बरोबर होते हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. मला इतकेच मोठे वाटते की, ध्येय एक असूनही ‘पुरे’ याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असू शकतो हे त्यांना उमगले होते आणि त्याविषयी ते समोरासमोर बोलले. आपल्या घरांत साखरपुड्याच्या याद्या होतात, वास्तुशांतीच्या होतात, पण हा आकडा कोणी कोणाला विचारत नाही.

तू तो काढ. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांचा खातेउतारा छापून घे आणि एका संध्याकाळी पेन्सिल घेऊन बस. मोबाइलवरून दिलेले शंभर-दोनशे रुपयेही त्यात धर. तुझ्या चार गोष्टींपैकी ज्यासाठी पैसे गेले त्यावर खूण कर. आईसाठी खरोखर काय केले जाते हे तुला तिथे दिसेल, आणि कदाचित हेही दिसेल की तिच्यासाठी स्वतंत्र आरोग्यविमा अजून घेतलेला नाही. कंपनीच्या विम्यात तिचे नाव असले तरी नोकरी सुटताच ते संरक्षण सुटते. माझ्या मते फ्लॅटच्या आधी हे व्हावे, आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम मुदतठेवीत असावी. नोकरी बदललीस तर भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करून घे. ही कामे अर्ध्या दिवसाची आहेत, त्यांवर अधिक लिहीत नाही.

आईविषयी मात्र एक विचारायचे आहे. ती पुण्यात राहायला यावी म्हणून दोन शयनगृहांचा फ्लॅट हवा, असे तू लिहितेस. तिला विचारलेस का? निवृत्त शिक्षिका, चाळीस वर्षांचा शेजार, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जमणाऱ्या मैत्रिणी, हे सोडून वाकडच्या अकराव्या मजल्यावर ती दिवसभर तुझी वाट पाहत बसेल, आणि तू पाळीवरून रात्री दहाला घरी येशील. आईची सोबत हे तुझे मूल्य असेल, तर महिन्यातले दोन शनिवार-रविवार कराडला काढता येणे हे त्याचे अधिक खरे रूप असू शकेल. हे मी ठरवू शकत नाही, ती ठरवेल.

राहिली बाणेरची नोकरी. कंपनी मोबाइलवरून झटपट कर्जे देते, म्हणून तू संकोचली आहेस. कर्ज देणे हे माझे आयुष्यभराचे काम होते, आणि वेळेवर मिळालेल्या दहा हजारांनी भाजीवाल्या बाईची सावकारापासून सुटका झालेली मी पाहिली आहे, त्यामुळे कर्ज या शब्दानेच मागे हटू नकोस. प्रश्न विचार. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी, सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो ते त्याला आधी सांगायला हवे, आणि ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या काळाचा आकार परत करून दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय हवी. तो दर त्यांच्या ॲपमध्ये कोणत्या पानावर आणि केवढ्या अक्षरांत दिसतो, ते स्वतः उघडून पाहा. तुझ्या गटाचा बोनस वाटलेल्या कर्जांच्या संख्येवर ठरतो की फिटलेल्या कर्जांवर, हे मुलाखतीत विचार. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत हा नियम आहे. वसुली कोणाकडे दिली आहे आणि तिच्यावर देखरेख कोण करते, तेही विचार. सरळ उत्तरे मिळाली, तर ती नोकरी तुझ्या पानावरच्या चौथ्या ओळीत बसते. टाळाटाळ झाली, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असला तरी बसत नाही, आणि ‘नाही’ म्हणण्याची ताकद तुझ्यात आज आहे, कारण आज तुझ्यावर एका रुपयाचेही कर्ज नाही.

रविवारबद्दल मी फार थोडे लिहिणार आहे, कारण तो तुझा आहे. मुळशीची शाळा दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्यातून एकदा जा, पण तो वार मुलांना आधी सांग आणि पाळ. काही न सांगता यायचे थांबणारी माणसे त्या मुलांनी बरीच पाहिलेली असतात. आणि महिन्यातला एक रविवार असा ठेव की त्यात शिकवणे नाही, डोंगर नाही, कोणाला दाखवायचे काही नाही. तुला झोप कमी पडते आहे, हे तुझ्या अक्षरावरूनही दिसते.

बुकिंगचे ५१,००० रुपये परत मिळण्याची मुदत या महिनाअखेरीस संपते असे तू लिहिले आहेस. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, तेव्हा त्यांनी घाई केली तरी आणखी धनादेश देऊ नकोस. येत्या शनिवारी माझ्याकडे जेवायला ये. बुकिंगची पावती, खातेउतारा आणि ते वहीचे पान, तिन्ही घेऊन ये. त्याआधी एकदा कराडला फोन कर.

तुझी,
मावशी