मेक्सिकोतील डाव्या पक्षाने मुक्त व्यापार करार मोडीत का काढला नाही?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, नाफ्टा या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापार करारामुळे मेक्सिकोतील शेतकरी देशोधडीला लागला असे तिथले डावे पक्ष पाव शतक सांगत होते, तर २०१८ मध्ये सत्ता हाती आल्यावर त्यांनी तो करार रद्द न करता नव्या रूपात स्वीकारला कसा, आणि ही त्यांची कोलांटउडी समजायची का. माझे उत्तर 'नाही' असे आहे. वाहनांच्या सुट्या भागांच्या निर्यातीचे काम करत असल्याने मेक्सिकोतील ग्राहक आणि तिथले सीमाशुल्काचे नियम यांच्याशी माझा नेहमीचा संबंध येतो. त्या निमित्ताने तिथले राजकारण जेवढे वाचले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की मेक्सिकोतील वाद 'बाजार खुला असावा की बंद' हा कधीच नव्हता. कराराच्या अटी कोण ठरवणार आणि त्या ठरताना कोणाचे म्हणणे विचारात घेतले जाणार, यावर तो वाद होता व आजही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. मेक्सिकोचा बाजार उजव्या पक्षाने खुला केला नाही. क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या आणि त्या वेळी अर्धशतकाहून अधिक काळ अखंड सत्तेत असलेल्या 'प्री' या पक्षाने तो खुला केला. या पक्षाचे अध्यक्ष होसे लोपेस पोर्तियो यांनी १९८० मध्ये गॅट या जागतिक व्यापार करारात सामील होण्यास नकार दिला होता. १९८२ च्या ऑगस्टमध्ये परकीय कर्जाचे हप्ते भरणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनीच बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांच्यानंतर आलेल्या मिगेल दे ला माद्रिद यांनी १९८६ मध्ये देशाला गॅटमध्ये नेले, आणि त्यांचे उत्तराधिकारी कार्लोस सालिनास दे गोर्तारी यांनी १९९० मध्ये अमेरिकेकडे मुक्त व्यापाराचा प्रस्ताव ठेवला. त्या वर्षी दावोसला गेल्यावर सालिनास यांच्या लक्षात आले होते की युरोपीय भांडवलाची नजर बर्लिनची भिंत पडल्यानंतर खुल्या झालेल्या पूर्व युरोपकडे वळली आहे आणि मेक्सिकोला तिथे फारसे स्थान नाही. मग उरला तो तीन हजार किलोमीटरहून लांब सीमा असलेला शेजारी. भारताने २०१९ मध्ये आरसेप या आशियाई देशांच्या व्यापार करारातून अंग काढून घेतले, त्या निर्णयाशी मेक्सिकोची तुलना करताना हा भूगोल विसरून चालत नाही.

सालिनास यांचे प्रमुख विरोधक होते क्वाउतेमोक कार्देनास. त्यांचे वडील लासारो कार्देनास यांनी १९३८ मध्ये परकीय तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले होते. १९८८ च्या निवडणुकीत मतमोजणीची संगणक यंत्रणा ऐन वेळी बंद पडली आणि त्यानंतर सालिनास विजयी घोषित झाले. त्या निकालावर मेक्सिकोतील फार मोठ्या वर्गाचा आजही विश्वास नाही. अशा रीतीने हरलेल्या डाव्या नेत्याने मुक्त व्यापाराला सरसकट विरोध केला असता तर ते स्वाभाविक ठरले असते. कार्देनास यांनी मात्र १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाऊन पर्यायी कराराची कल्पना मांडली. सर्व अमेरिका खंडासाठी विकास आणि व्यापाराचा करार व्हावा, त्यात कामगारांच्या हक्कांची सनद असावी, मागास भागांसाठी भरपाईचा निधी असावा आणि मालासोबत माणसांनाही सीमा ओलांडता यावी, अशी ती मांडणी होती. १९९१ मधल्या या कल्पनेकडे दुर्लक्ष केले तर २०१८ मध्ये डाव्या सरकारने जे केले ते खरोखरच कोलांटउडीसारखे दिसते.

प्रत्यक्ष वाटाघाटी कशा झाल्या, हेही पाहण्यासारखे आहे. बड्या उद्योगांच्या संघटनांचे प्रतिनिधी सरकारी शिष्टमंडळासोबत जात आणि लगतच्या खोलीत बसत. मेक्सिकोत या व्यवस्थेला 'शेजारची खोली' असेच म्हणतात. कोणत्या वस्तूवरील शुल्क किती वर्षांत उतरवायचे याचा सल्ला वाटाघाटी करणारे अधिकारी त्या खोलीत जाऊन घेत. मका पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांना किंवा सरकारी मर्जीबाहेरच्या कामगार संघटनांना अशी खोली मिळाली नाही. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या सिनेटने करार मंजूर केला, तोही जवळजवळ एकमताने, कारण सिनेटमध्ये 'प्री'चे जबरदस्त बहुमत होते आणि उजव्या 'पान' पक्षाचाही पाठिंबा होता. लोकशाही नसलेल्या व्यवस्थेत झालेला हा लोकांच्या आयुष्याचा निर्णय होता, आणि त्याबद्दलचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो. १ जानेवारी १९९४ रोजी करार लागू झाला, त्याच पहाटे दक्षिणेकडील चियापास राज्यातील झापातिस्ता या मूलनिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेच्या बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे शहर ताब्यात घेतले. त्यांच्या रोषाचे मूळ दोन वर्षे आधीच्या घटनादुरुस्तीत होते. क्रांतीनंतर गावांना मिळालेल्या सामाईक मालकीच्या जमिनी, ज्यांना तिथे 'एहिदो' म्हणतात, त्या विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा मार्ग १९९२ मध्ये कलम २७ बदलून मोकळा करण्यात आला होता.

आता मक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा होते तेव्हा दोष नेमका कोणाचा, हे इथेच स्पष्ट होते. कागदावर नाफ्टाने मक्याला पंधरा वर्षांचे संरक्षण दिले होते. वर्षाला २५ लाख टन मका शुल्काविना आणता येईल, तो कोटा दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल, कोट्यापलीकडच्या मक्यावर सुरुवातीला २१५ टक्के शुल्क लागेल आणि २००८ पर्यंत ते शून्यावर येईल, अशी रचना होती. एवढ्या मोठ्या शुल्काआड शेतकऱ्याला सावरायला अवधी मिळायला हवा होता. परंतु मेक्सिको सरकारने कोट्यापेक्षा कितीतरी अधिक मका येऊ दिला आणि त्यावरील शुल्क वसूलच केले नाही. शहरातील तोर्तिया, म्हणजे रोजच्या जेवणातली मक्याची पोळी, स्वस्त राहावी, पशुखाद्य उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा आणि महागाई आटोक्यात राहावी, हे त्यामागचे हेतू होते. हमीभावाने मका विकत घेणारी कोनासुपो ही सरकारी संस्था १९९९ मध्ये बंद झाली. हेक्टरी मदत देणारी प्रोकाम्पो योजना होती खरी, पण मदत क्षेत्रफळावर ठरत असल्याने ज्याची जमीन मोठी त्याला ती अधिक मिळे. करारात असलेले संरक्षणही स्वतःच्याच सरकारने वापरले नाही, याची चीड मेक्सिकोतील शेतकरी संघटनांच्या लेखनात जागोजागी दिसते, आणि २००३ मधील त्यांच्या आंदोलनाचे नावच 'शेतीला आता सोसवत नाही' असे होते. २००७ च्या आरंभी तोर्तियाचे भाव भडकले, तेव्हा ३१ जानेवारीला राजधानीत निघालेल्या मोर्चात शेतकरी आणि शहरातील ग्राहक एकत्र चालले.

सालिनास सांगत की आम्हाला माणसे नव्हे, माल निर्यात करायचा आहे. अमेरिकेच्या जनगणनेनुसार तिथे राहणाऱ्या मेक्सिकोत जन्मलेल्यांची संख्या १९९० मध्ये सुमारे ४३ लाख होती, ती २००० मध्ये ९२ लाखांच्या आसपास गेली. या वाढीला केवळ नाफ्टा कारणीभूत नाही. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पेसो कोसळला आणि पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सहा टक्क्यांहून अधिक आकसली, हेही त्यामागे आहे. पण दिलेला शब्द पाळला गेला नाही, एवढे निश्चित.

त्याच वेळी उत्तरेत आणि मध्य पठारावर दुसरा मेक्सिको उभा राहिला. मोन्तेर्रे, केरेतारो, ग्वानाहुआतो या भागांत वाहन आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योग असे विणले गेले की एकच सुटा भाग पूर्ण गाडीत बसेपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतो. आज मेक्सिकोची ८० टक्क्यांहून अधिक निर्यात अमेरिकेत जाते. चियापास, ओआहाका आणि गेरेरो या दक्षिणेकडील राज्यांना यातले फारसे काही मिळाले नाही. म्हणून करार चांगला की वाईट या प्रश्नाचे उत्तर तुम्ही मेक्सिकोत कुठे उभे आहात यावर अवलंबून असते, आणि डावे नेते आंद्रेस मानुएल लोपेस ओब्राडोर यांचा मोरेना पक्ष दोन्हीकडे मते मागत होता. २००६ च्या प्रचारात त्यांनी मका आणि घेवडा यांच्या तरतुदी अमलात येऊ देणार नाही असे सांगितले होते, सबंध करार मोडण्याची भाषा केली नव्हती. २०१८ मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले तोवर नाफ्टाच्या फेरवाटाघाटी निम्म्याहून अधिक पार पडल्या होत्या. त्यांनी हेसूस सेआदे यांना आपले प्रतिनिधी म्हणून मावळत्या सरकारच्या चमूत बसवले आणि ऊर्जेच्या प्रकरणावर बोट ठेवले. परिणामी नव्या करारात हायड्रोकार्बनवर, म्हणजे खनिज तेल आणि वायूवर, मेक्सिकोची थेट आणि अहस्तांतरणीय मालकी मान्य करणारे छोटे स्वतंत्र प्रकरण आले. १९३८ ची आठवण ज्या देशात शाळेपासून शिकवली जाते, तिथे या प्रकरणाचे राजकीय मोल त्याच्या लांबीवरून मोजता येत नाही. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, मावळते अध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो यांनी नव्या करारावर सही केली, आणि १ जुलै २०२० पासून तो लागू झाला. मेक्सिकोत त्याला 'ते-मेक' म्हणतात.

डाव्यांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट कामगारांच्या प्रकरणात आहे. मेक्सिकोतील कारखान्यांत वर्षानुवर्षे अशी पद्धत होती की मालक आपल्या सोयीच्या संघटनेशी वेतन करार करून टाकी, आणि कामगारांना तो वाचायलाही मिळत नसे. नव्या करारामुळे आणि २०१९ च्या कामगार कायद्यामुळे असे करार गुप्त मतदानाने कामगारांपुढे ठेवणे बंधनकारक झाले. सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ऑगस्ट २०२१ मध्ये तीन हजारांहून अधिक कामगारांनी जुना करार फेटाळला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एका नव्या स्वतंत्र संघटनेला तीन चतुर्थांशाहून अधिक मते दिली. काही महिन्यांत त्यांना ८.५ टक्के पगारवाढ मिळाली. या तरतुदीसाठी जोर अमेरिकेतील कामगार संघटनांनी आणि डेमोक्रॅटिक पक्षाने लावला होता, त्यामागे त्यांचा स्वतःचा स्वार्थही होता. तरीही कार्देनास यांनी मागितलेल्या सनदेतील एक तुकडा तीस वर्षांनी अशा वळणाने आला, याचे महत्त्व कमी होत नाही. दक्षिणेच्या विकासासाठीचा निधी आणि माणसांची ये-जा मात्र अजूनही करारात नाही. उजव्या विचारांचे विसेंते फॉक्स यांनीही २००० मध्ये या दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या, आणि त्यांनाही त्या मिळाल्या नाहीत.

लोपेस ओब्राडोर यांनी किमान दैनिक वेतन २०१८ मधील ८८.३६ पेसोंवरून २०२४ पर्यंत २४८.९३ पेसोंवर नेले. हे करारात राहूनच घडले, आणि मग पूर्वीच्या सरकारांनी वेतन इतकी वर्षे दाबून का ठेवले, हा प्रश्न मेक्सिकोत विचारला गेला. हमीभाव परत आणण्यासाठी काढलेल्या सेगालमेक्स या संस्थेत मात्र मोठा गैरव्यवहार झाला, त्यामुळे शेतीच्या बाबतीत डाव्यांचा दावा कमकुवत आहे असे मला वाटते. देश अजूनही अमेरिकेकडून वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक मका घेतो, त्यातील बहुतांश पशुखाद्याचा पिवळा मका असतो. जनुकीय बदल केलेल्या मक्यावर मेक्सिकोने घातलेले निर्बंध डिसेंबर २०२४ मध्ये तंटा निवारण मंडळाने कराराविरुद्ध ठरवले. अध्यक्ष क्लाउडिया शेनबाउम यांच्या सरकारने तो निर्णय मानून निर्बंध मागे घेतले, आणि २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून अशा मक्याच्या पेरणीवर बंदी आणली.

२०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा ज्यांचा माल कराराचे नियम पाळून बनला होता त्यांनाच काही दिवसांत सूट मिळाली. ज्या कराराला दबावाचे साधन म्हटले गेले, तोच बलाढ्य शेजाऱ्याच्या लहरीपुढे आधार ठरला. डावे सरकार करार टिकवू पाहते याचे आजचे मुख्य कारण हेच आहे, आणि सहा वर्षांनंतर, १ जुलै २०२६ ला, ठरलेल्या संयुक्त आढाव्यासाठी सरकारने आणि उद्योग संघटनांनी आधीपासून तयारी केली तीही यामुळेच.

करार टिकवण्याच्या या भूमिकेची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने, ज्यांच्याशी मुक्त व्यापार करार नाही अशा देशांच्या चौदाशेहून अधिक वस्तूंवरील शुल्क वाढवले. चीनच्या बरोबरीने भारतही त्या यादीत आला. मोटारींवरील शुल्क २० वरून ५० टक्क्यांवर गेले, आणि चाकणमधून मेक्सिकोला जाणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांनाही ते लागू होते. अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान यांच्याशी करार असल्याने त्यांच्या गाड्यांना ते लागू नाही.