जनुकांची नीती शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलीची जळगावच्या विद्यापीठात जनुकशास्त्रातली पीएच.डी. संपत आली आहे. आता म्हणते, प्रयोगशाळा सोडते आणि जनुकशास्त्रातल्या नीतिप्रश्नांवर अमेरिकेत पोस्ट-डॉक करते. हाई काय शिक्षण शे? यंदा कापसाने मार खाल्लाय, खर्च कुठून करू? – एक वडील, शहादा तालुका

उत्तर : आण्णा, आधी खर्चाचं बोलू. पोस्ट-डॉक म्हणजे पीएच.डी.च्या वरची आणखी एक डिग्री नव्हे, पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम. त्याला फी नसते, उलट दोन-तीन वर्षं मानधन मिळतं. त्यासाठी कुणी पैसे भरायला सांगत असेल तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा.

आता ‘हाई काय शे’ ते. मागे धडगावकडे एका रक्ततपासणी शिबिरात बसलो होतो. एक पावरा आदिवासी बाई आली. संमतीपत्र छापील मराठीत, बाईला येते फक्त पावरी. कार्यकर्त्याने तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर टेकवला, कागदावर उमटवला, की पुढचा नंबर. रक्त सिकलसेलसाठी, म्हणजे आईबापाकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी घेतलं, हे तिला कळलं का? ती वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नाही पण आजार पोरांत जाऊ शकतो असं निघालं, तर आधी कुणाला सांगायचं, तिला की नवऱ्याला? पोरीचं तपासणीचं कार्ड सोयरिकीच्या बैठकीत कुणी मागितलं तर? तुमची लेक शिकू म्हणते ते हेच.

अमेरिकेत हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासाला म्हणून रक्त दिलं. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात ते स्किझोफ्रेनियाच्या आणि जमात मुळात कुठून आली याच्या संशोधनालाही वापरलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१० मध्ये सात लाख डॉलरवर तडजोड झाली आणि उरलेले नमुने परत करावे लागले. आपल्याकडे २०२३ पासूनच्या सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोक तपासायचे ठरले. म्हणजे काम भरपूर आहे. नोकऱ्या मात्र मोजक्या आहेत, तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. मेडिकल कॉलेजं, आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्था, सार्वजनिक आरोग्याच्या संस्था, बस.

अमेरिकेच्या अर्जात एक मेख आहे. पेनसिल्वेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, प्रशिक्षण अनुदानावर ज्या जागा असतात, त्या तिथल्या नागरिकांना नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. तिथे अर्ज करून पोरगी सहा महिने वाट बघत बसेल. एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पाच्या पैशातून निघालेली जागा मात्र परदेशी उमेदवारालाही मिळू शकते. म्हणून पैसा कोणत्या खात्यातून येतो, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारायचं. लाजायचं नाही.

प्रयोगशाळेचा कंटाळा आला एवढ्यासाठीच ती इकडे वळत असेल, तर मी नको म्हणेन. इथेही घासावं लागतं, फक्त पिपेटऐवजी माणसांशी. मुलाखत कशी घ्यायची, उत्तरं कशी तपासायची, हे तिने प्रबंध देईपर्यंत समाजशास्त्र विभागात बसून शिकावं. आयसीएमआरची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचावीत. परदेशाआधी देशातलंही बघावं, मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठात जैवनीतीचं केंद्र आहे.

आणि अर्जात ‘मला जनुकशास्त्राची आवड आहे’ हे वाक्य नको, ते सगळेच लिहितात. शहादा-तळोद्याकडे तिने स्वतः पाहिलेला एक प्रसंग घ्यावा आणि त्यातून निघणारा एकच प्रश्न दोन पानांत मांडावा. पहिला खर्डा मला पाठवू द्या, लाल पेन घेऊन बसतो.