पाठीवरचा ब्रश कटर (इंजिनावर चालणारं गवत कापायचं यंत्र) घ्यावा की खांद्याला अडकवायचा?

तुमची जागा अर्धा एकर, त्यातली निम्मी उताराची आणि गवत कमरेएवढं. मग पाठीवरचाच घ्या. सगळी जागा सपाट असती तर नको म्हणालो असतो.

'पाठीवरचा हलका पडतो' हे अर्धंच खरं. एकूण वजन उलट जास्त, दहा किलोच्या आसपास. फक्त इंजिन पाठीवर जातं आणि हातात नुसती दांडी उरते. त्यामुळे बांधाच्या कडेला, खड्ड्यात, दगडांच्या फटीत ती हवी तशी फिरवता येते. खांद्याच्या यंत्राची लांब दांडी अशा जागी मागे कुठेतरी अडते. सपाटीवर मात्र तेच बरं: पटकन काढून ठेवता येतं आणि इंजिनाची धग पाठीला लागत नाही.

पाठीवरच्याची खरी दुखरी नस म्हणजे इंजिन आणि दांडी यांना जोडणारी नळी. तिच्या आत इंजिनाची गती पुढे नेणारा लवचीक दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरत असतो. नळी फार वाकवली की शाफ्ट तापतो, झिजतो आणि एक दिवस तुटतो. माझा पहिला असाच गेला. इंजिन जोरात ओरडतंय आणि पुढचं कापणारं डोकं गप्प! दोन पावसाळे मी त्याला ग्रीस दाखवलं नव्हतं. आता शाफ्ट अधूनमधून बाहेर ओढतो, पुसतो आणि ग्रीस लावून परत घालतो.

इंजिन जमिनीवर ठेवून सुरू करा, मगच पाठीवर घ्या. रेस नसताना डोकं फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलिंगचा स्क्रू कमी करा. पेट्रोल संपलं की यंत्र पाठीवर ठेवूनच कुणाला तरी 'ओत रे' म्हणायचा मोह होतो. तो टाळा, कारण सांडलेलं पेट्रोल कपड्यांवर आणि तापलेल्या सायलेन्सरवर येतं. यंत्र उतरवा आणि थंड होऊ द्या. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण पुस्तिकेतलंच ठेवा: 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50:1 म्हणजे 20 मिली. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरतात, पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

बहुतेक यंत्रांत डोकं वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कापलेलं गवत डावीकडे पडतं. उतारावर खालून सुरुवात करा, उताराची खालची बाजू डाव्या हाताला ठेवून आडवे चाला आणि ओळीओळीने वर सरका. गवत आपोआप कापलेल्या भागात जातं. सरळ वर-खाली चालत कापू नका, पाठीवरच्या वजनाने तोल जातो.

कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी पुरते. जून, काडीसारखं झालेलं असेल तर पातं लावा. पण पात्याचा पुढचा उजवा भाग बुंध्याला किंवा दगडाला लागला तर दांडी झटका देऊन उसळते. गॉगल हवाच. माणसं आणि जनावरं निदान पंधरा मीटर लांब हवीत, कारण खडा गोळीसारखा सुटतो. झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत मी हातानेच, विळ्याने काढतो. दोरी मऊ दिसते, पण लहान झाडाची साल गोल सोलून काढते आणि ते झाड हळूहळू वाळतं.