एकाच लॅपटॉपवर उबंटू विंडोजपेक्षा इतकं वेगात कॉपी कसं करतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत. दीड जीबीचं फोटोंचं फोल्डर यूएसबी २.० च्या पेन ड्राइव्हवर टाकायला विंडोजनं दीड मिनिट घेतलं, उबंटूनं चार सेकंदांत उरकलं. उबंटू ज्यावर उभं आहे त्या लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) खरंच एवढी भारी आहे का, आणि नीट तुलना करायची कशी?

आधी हिशोब करू. दीड जीबी चार सेकंदांत म्हणजे सेकंदाला पावणेचारशे एमबी. यूएसबी २.० ची कागदावरचीच मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. कुठलीही सिस्टिम आणा, पंचवीस सेकंदांच्या आत तो डेटा ड्राइव्हवर पोचूच शकत नाही. उबंटूनं तो रॅममध्ये घेतला आणि 'झालं' म्हणून सांगितलं. किराणावाला कसा 'न्या हो, मांडून ठेवतो' म्हणतो, तसं. खरं लिखाण मागे सावकाश चालू असतं. पुढच्या वेळी कॉपी संपल्या संपल्या टर्मिनल उघडा, 'सिंक' कमांड (रॅममध्ये राहिलेलं लिखाण पूर्ण करून घेणारी) द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत घड्याळ लावा. तेवढा वेळ त्या चार सेकंदांत मिळवा. (आणि तोवर ड्राइव्ह उपसू नका, फोटो अर्धवट राहतील.) विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी असं रॅममध्ये साठवणं मुळातच बंद असतं, त्यामुळे तिथला हिरवा पट्टा बराच प्रामाणिक असतो.

मीही यात तोंडघशी पडलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'डीडी' कमांडनं एक जीबीची फाइल लिहून आणि वाचून मी मोठ्या ऐटीत तक्ता केला: लिनक्स सर्व्हर विंडोजच्या कितीतरी पट पुढे. आमच्या सिनियरनं तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "मशीनला रॅम किती आहे?" आठ जीबी. म्हणजे मी डिस्क मोजलीच नव्हती. तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली की ती रॅममधूनच येते, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

मोठ्या एकाच फाइलचं म्हणाल, तर चांगल्या एसएसडीवर लिनक्सची एक्स्ट४ काय नि विंडोजची एनटीएफएस काय, दोन्ही फाइल सिस्टिम डिस्कला तिच्या मर्यादेपर्यंत नेतात. फरक पडतो तो हजारो बारक्या फाइलींमध्ये. जावास्क्रिप्टचं एखादं प्रोजेक्ट घ्या, त्याला लागणाऱ्या तयार कोडच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये तीस-चाळीस हजार फाइली सहज असतात. विंडोजवर प्रत्येक फाइल उघडताना-मिटताना मागणी मधल्या फिल्टर ड्रायव्हरांतून (अशा मागण्या वाटेत तपासणाऱ्या प्रोग्रामांतून) जाते, आणि त्यात विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर प्रत्येकीची झडती घेत बसलेला असतो. म्हणून तेच फोल्डर विंडोजवर रखडतं. मायक्रोसॉफ्टलाही हे पटलं असावं, कारण २०२३ मध्ये विंडोज ११ ला त्यांनी 'डेव्ह ड्राइव्ह' दिला: एनटीएफएसऐवजी रीएफएस ही फाइल सिस्टिम, आणि डिफेंडरची झडती फाइल उघडून झाल्यावर. म्हणजे एनटीएफएसला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल, तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नका. प्रत्येक फाइलसाठी सीमा ओलांडावी लागते, जीव जातो. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा.

मॅकच्या दोन वेगळ्याच गमती आहेत. एपीएफएस या मॅकच्या फाइल सिस्टिमवर त्याच व्हॉल्यूममध्ये दहा जीबीची फाइल डुप्लिकेट करा, क्षणात होते, कारण डेटा हलतच नाही. दोन्ही नावं त्याच ब्लॉककडे बोट दाखवतात. दुसरं म्हणजे मॅकवरचं साधं 'एफसिंक' ('डेटा आत्ताच डिस्कवर लिही' असं प्रोग्रामनं सांगायची आज्ञा) डेटा ड्राइव्हकडे सोपवून मोकळं होतं. ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) तो पक्का उतरवायला वेगळं 'एफ-फुलएफसिंक' लागतं. लिनक्सचं एफसिंक सहसा तिथपर्यंत जातं. नाव तेच, वचन वेगळं. असे आकडे शेजारी मांडले की मॅक उगाच जिंकतो.

मोजायचंच असेल तर 'फियो' हे डिस्कचा वेग मोजायचं साधन घ्या, ते तिन्हीकडे चालतं. डायरेक्ट पर्याय चालू ठेवा म्हणजे रॅमचा कॅश मधे येणार नाही. टेस्टची फाइल मोठी घ्या: स्वस्तातल्या एसएसडी आपला वेगवान कॅश भरेपर्यंत उड्या मारतात, मग एकदम बसतात. बारक्या फाइलींसाठी मात्र मी सरळ स्वतःचं प्रोजेक्ट उलगडून घड्याळ लावतो.

आणि लॅपटॉपात अजून फिरती डिस्क असेल तर दोन पार्टिशनांची तुलना करूच नका. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग आतल्यापेक्षा बराच जास्त असतो, सुरुवातीचं पार्टिशन सहसा बाहेर पडतं, आणि ड्युअल बूटमध्ये उबंटू बहुधा मागून येऊन आतल्या बाजूला बसतं. मी वीस जीबीचं एक पार्टिशन टेस्टसाठी मोकळं ठेवलंय. त्याच जागेवर एकदा एक्स्ट४, मग फॉरमॅट करून एनटीएफएस.